‘म्हणे’ राहून गेलं

मागच्या वर्षी एका दुपारी माझ्या मामेभावाचा इचलकरंजीहून व्हॉट्सॲपवर मेसेज आला. ‘ताई, शारजातली ही कंपनी खरी आहे ना?’ खाली कंपनीचं नाव आणि ऑफर लेटरचा फोटो. मी अबू धाबीत, आमच्या विद्यापीठाच्या कॅन्टीनच्या रांगेत उभी होते. नाव ओळखीचं होतं. त्या कंपनीच्या कामगारांच्या बस रस्त्यावर रोज दिसतात, आणि इथल्या आमच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी कधीतरी तिच्याबद्दल बरं बोललेलं आठवत होतं. मी लिहिलं, ‘हो, मोठी कंपनी आहे. बिनधास्त जा.’ रांग पुढे सरकली, मी ट्रे उचलला, आणि विषय डोक्यातून गेला.

कंपनी खरी होती. ऑफर लेटर खोटं होतं. ज्या वेबसाइटवरून ते आलं होतं तिच्या नावात कंपनीच्या नावापुढे एक छोटी आडवी रेघ आणि ‘करिअर्स’ हा शब्द जोडलेला होता. त्या साइटचा आणि कंपनीचा काही संबंध नव्हता. ‘व्हिसा प्रोसेसिंग’ आणि ‘मेडिकल’ म्हणून भावाने दोन हप्त्यांत एक लाख चाळीस हजार रुपये भरले. दुसऱ्या हप्त्यासाठी मामीच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण गेल्या. नंतर फोन लागेनासा झाला आणि साइटही बंद झाली.

यात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट मामा सहज बोलून गेला ती. ‘तू सांगितलंस म्हटल्यावर आम्ही आणखी कुणाला विचारलंच नाही गं.’

आता माझी अडचण सांगते. संगणकांच्या जाळ्यात नावावरून पत्ता कसा सापडतो आणि तो पत्ता खोटा कसा पाडता येतो, हाच माझ्या अभ्यासाचा विषय आहे. डॉक्टरेट त्यातच झाली, सध्याचं पोटही त्यावरच चालतं. तिथे एक यंत्र जी चूक करतं आणि जिच्यावर आम्ही पानंच्या पानं लिहितो, तीच चूक मी त्या रांगेत केली होती. म्हणून हा लेख. प्रश्न तसा जुना आहे: आपण प्रामाणिकपणे, कसलाही स्वार्थ नसताना, चुकीची गोष्ट सांगितली आणि ऐकणारा बुडाला, तर त्यात आपला दोष किती?

आधी ते यंत्र समजून घेऊ.

तुमच्यापैकी जे दुबईत बरीच वर्षं आहेत त्यांना इथला पत्ता सांगण्याचा जुना प्रकार आठवत असेल. ‘अमुक मशिदीच्या मागे, लुलूच्या समोर, खाली फार्मसी आहे ती बिल्डिंग.’ पत्र यायचं ते पोस्ट बॉक्सवर. मग दुबई महापालिकेने ‘मकानी’ आणली. प्रत्येक इमारतीच्या प्रवेशद्वाराला दहा आकडी क्रमांक मिळाला. अरबीत मकानी म्हणजे ‘माझी जागा’. आपलं ‘मकान’ तिथूनच आलं. आता डिलिव्हरीवाला तो नंबर मागतो आणि बरोबर दारात येतो. माणसाच्या डोक्यात मात्र नंबर राहत नाही, नाव राहतं. नावाचा नंबर करून देणारं कुणीतरी मध्ये लागतं.

इंटरनेटवर हे काम डीएनएस, म्हणजे डोमेन नेम सिस्टिम करते. तुम्ही बँकेच्या साइटचं नाव टाइप करता, पण यंत्रांना लागतो तो आकडी पत्ता. सुरुवातीला, जाळं लहान होतं तेव्हा, सगळ्या नावांची एकच यादी असायची. ती अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळायचा. नवीन यंत्र जोडायचं तर त्यांना कळवायचं, ते नाव यादीत घालणार. जाळं वाढलं, यादी पुरेना. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी ही यादी वाटून टाकण्याची पद्धत आखली. सर्वांत वरच्या सर्व्हरला फक्त डॉट कॉमचं कोण बघतं, डॉट एईचं कोण बघतं, डॉट इनचं कोण बघतं एवढंच माहीत. त्या प्रत्येकाला आपल्या खालचं माहीत. विचारत विचारत खाली गेलं की शेवटी त्या नावाच्या मालकाचा सर्व्हर भेटतो आणि तो पत्ता देतो.

ही पायपीट तुमचा फोन करत नाही. तो तुमच्या इंटरनेट कंपनीच्या एका सर्व्हरला विचारतो, आणि तो सर्व्हर तुमच्या वतीने चार ठिकाणी जाऊन विचारून येतो. त्याला रिझॉल्व्हर म्हणतात. मी त्याला मधला सर्व्हर म्हणेन. तो एकदा मिळवलेलं उत्तर लक्षात ठेवतो. या साठ्याला कॅश म्हणतात, पैशातली नव्हे, आठवणीतली. पुढचे हजार लोक तेच नाव विचारायला आले की तो पुन्हा कुठे न जाता आठवणीतून सांगतो. प्रत्येक उत्तराबरोबर मालकाने एक मुदत दिलेली असते: हे एक तास धरून चाल, हे एक दिवस. मुदत संपली की विसरायचं आणि पुन्हा विचारायचं.

आता विष कसं कालवतात ते पाहा. मधला सर्व्हर प्रश्न पाठवतो तेव्हा त्याला एक क्रमांक देतो. उत्तरावर तोच क्रमांक असला की तो उत्तर खरं मानतो. हा क्रमांक ६५,५३६ पैकी कुठलाही एक असू शकतो. जुन्या काळी बहुतेक सर्व्हरांची ओळख पटवण्याची पद्धत मुख्यतः एवढीच होती. मग कुणी वाईट माणसाने खऱ्या मालकाचं उत्तर पोचायच्या आधी अंदाजाने क्रमांक टाकून खोटी उत्तरं पाठवली, आणि त्यातलं एक जुळलं, तर तेच आठवणीत जातं. खरं उत्तर मागाहून येतं तेव्हा मधला सर्व्हर म्हणतो, माझा प्रश्न मिटला आहे, आणि ते टाकून देतो. त्या क्षणापासून मुदत संपेपर्यंत तो प्रत्येकाला, अगदी मनापासून, चोराच्या घराचा पत्ता देत राहतो.

हे भोक नवीन नव्हतं. नावांच्या या व्यवस्थेवर असा भरवसा ठेवणं किती धोक्याचं आहे, ते स्टीव्हन बेलोविन यांनी १९९० साली एका लेखात लिहून ठेवलं होतं. गैरवापर होईल म्हणून त्यांनी तो १९९५ पर्यंत छापलाच नाही. १९९७ मध्ये यूजीन काशपुरेफ नावाच्या माणसाने डोमेन नावांच्या मक्तेदारीचा निषेध म्हणून मधल्या सर्व्हरांच्या आठवणीत खोट्या नोंदी घुसवल्या आणि नावनोंदणीच्या अधिकृत साइटकडे निघालेले लोक आपल्या साइटवर वळवले. तरीही जग समजत होतं की एकदा अंदाज चुकला की हल्लेखोराला मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे धोका आटोक्यात आहे. २००८ साली डॅन कमिन्स्की यांच्या लक्षात आलं की थांबायची गरजच नाही. त्याच बँकेच्या डोमेनखालची, अस्तित्वात नसलेली नावं एकामागून एक विचारत राहायची. प्रत्येक नाव नवं, म्हणून प्रत्येक वेळी नवी शर्यत. आणि खोट्या उत्तरात एक ओळ जोडायची: या सबंध डोमेनबद्दल यापुढे मला विचारा. हजारो शर्यतींपैकी एक जिंकली की पुरे.

कमिन्स्की यांनी हे जाहीर केलं नाही. मार्चच्या शेवटी मायक्रोसॉफ्टच्या आवारात सोळा जण गुपचूप भेटले, आणि ८ जुलैला अनेक कंपन्यांनी एकाच दिवशी दुरुस्ती बाहेर काढली. क्रमांकाच्या जोडीला आता प्रश्न कुठल्या दारातून बाहेर पडला तेही बेभरवशाचं केलं गेलं, म्हणजे अंदाज पासष्ट हजारांत एकाऐवजी कोट्यवधींत एक जुळावा. डॅनियल बर्नस्टाईन यांनी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये हा उपाय आधीपासूनच ठेवला होता. कमिन्स्की यांनी जगाकडे एक महिन्याची मुदत मागितली होती. तेरा दिवसांत तपशील फुटला. तरी तेवढ्या दिवसांत असंख्य सर्व्हर दुरुस्त झाले. २०२१ मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, हा माणूस गेला.

मी इथे थांबते, कारण मला त्या मधल्या सर्व्हरबद्दल बोलायचं आहे. तो दोषी आहे का?

तो खोटं बोलत नाही. फसवण्याचा त्याचा हेतू नाही. त्याला जे खरं वाटतं तेच तो सांगतो. आपल्याकडे न्यायदर्शनात ज्ञान मिळवण्याची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे कुणीही बोललेलं नव्हे, आप्ताने सांगितलेलं. आजच्या मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक, पण तिथे अर्थ वेगळा आहे. वात्स्यायनाच्या भाष्यात आप्ताच्या दोन अटी आहेत: त्याला ती गोष्ट स्वतः पक्की कळलेली असावी, आणि जशी कळली तशीच सांगण्याची इच्छा असावी. पुढे तो असंही म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छालाही सारखंच लागू आहे. जात, कूळ, पदवी यांचा त्यात संबंध नाही.

मधल्या सर्व्हरपाशी दुसरी अट पुरेपूर आहे, पहिली नाही. त्या दिवशी माझंही तसंच होतं. भावाचं भलं व्हावं ही इच्छा होती, माहिती नव्हती. मी नात्याने आप्त होते, न्यायाच्या अर्थाने नव्हते. आणि मामाच्या घरी दोन्ही अर्थ एकच धरले गेले.

‘हेतू चांगला होता’ ही सबब इंग्लंडमधल्या विल्यम क्लिफर्ड या गणितज्ञाने १८७७ मध्ये एका निबंधात तपासली आहे. परदेशी स्थायिक व्हायला निघालेल्या कुटुंबांनी भरलेलं एक जहाज. मालकाला शंका येते की जहाज जुनं झालंय. मग तो मनाची समजूत घालतो: इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल. जहाज बुडतं. क्लिफर्डचं म्हणणं असं की मालकाचा विश्वास अगदी प्रामाणिक होता हे मान्य केलं तरी तो दोषीच, कारण त्याच्यासमोर जो पुरावा होता त्यावर असा विश्वास ठेवण्याचा त्याला हक्कच नव्हता. आणि जहाज बुडलं नसतं तरी तो तेवढाच दोषी ठरला असता. फक्त ते कुणाला कळलं नसतं. हे वाचून मला माझी मागची बारा वर्षं आठवली. ‘ताई, हे खरं आहे ना’ या प्रश्नाला मी किती वेळा रांगेत उभं राहून उत्तर दिलं असेल! जहाज दर वेळी किनाऱ्याला लागलं म्हणून मी हुशार ठरत गेले.

तुम्ही म्हणाल, हे फार झालं. प्रत्येक गोष्ट तपासायला बसलं तर जगायचं कधी? आक्षेप खरा आहे, आणि आपल्याकडे तो फार नेमका मांडला गेला आहे. मीमांसक, त्यातही कुमारिल भट्ट, म्हणतात की ज्ञान हे मुळात प्रमाणच धरायचं. ते खोटं पाडणारं काही समोर येईपर्यंत खरंच मानायचं. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नाहीतर पहिलं ज्ञान पटवायला दुसरं, दुसरं पटवायला तिसरं, याला शेवट कुठे? नैयायिक उलट म्हणतात: ज्ञानाचं खरेपण बाहेरून, दुसऱ्या कशावरून तरी ठरतं. हे परतःप्रामाण्य. लांबून पाणी दिसलं, तर ते पाणी की मृगजळ हे जाऊन प्यायल्यावर, तहान भागल्यावर कळतं.

इथल्या वाळवंटात राहणाऱ्या माणसाला हे उदाहरण वेगळं समजावायला नको. पण त्यात एक अट लपलेली आहे. पाण्यापर्यंत चालत जाण्याइतकी ताकद अंगात हवी, आणि ते मृगजळ निघालं तर परत यायलाही उरायला हवी. साखर महागली की नाही हे मी चुकीचं सांगितलं तर दुकानात गेल्यावर कळेल, फार काही बिघडणार नाही. पाटल्या गहाण ठेवून जे तपासलं जातं त्यात चूक कळते तेव्हा सगळं संपलेलं असतं. म्हणून मला वाटतं, रोजच्या किरकोळ बाबतीत आपण सगळे मीमांसकच असतो आणि तसं असायला हरकत नाही. जिथे चुकीची किंमत दुसऱ्याने भरायची आहे तिथे मात्र नैयायिक व्हावं लागतं, आणि तेही आधी.

मूळचं डीएनएस मीमांसक होतं: उत्तर आलं, विरोध कुणी केला नाही, म्हणजे खरं. एकमेकांना ओळखणाऱ्या थोड्या संशोधकांच्या जगात ते चाललं. त्याला नैयायिक करण्याचा प्रयत्न म्हणजे डीएनएसेक. यात प्रत्येक उत्तरावर मालकाची गणिती सही असते. ती सही खरी की नाही हे वरचा सांगतो, त्याची सही त्याच्याही वरचा. आणि कुमारिलाचा प्रश्न इथे जसाच्या तसा उभा राहतो: सर्वांत वरच्याची सही कोण तपासणार?

उत्तर गमतीचं आहे. ते गणितात नाही, एका खोलीत आहे. १५ जुलै २०१० पासून इंटरनेटच्या मुळावर सही आहे. त्या सहीची किल्ली अमेरिकेत दोन ठिकाणी, व्हर्जिनियातल्या कल्पेपरला आणि कॅलिफोर्नियातल्या एल सेगुंडोला, तिजोऱ्यांत ठेवलेली असते. ठरावीक काळाने वेगवेगळ्या देशांतले काही विश्वासू स्वयंसेवक तिथे जमतात, तिजोऱ्या उघडतात, ठरलेल्या कागदावरची पायरी न् पायरी मोठ्याने वाचत सह्या करतात, आणि हा सगळा सोहळा जगाला थेट दाखवला जातो. मी त्याचं चित्रण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला सत्यनारायणाची पूजा आठवली. संथ, कंटाळवाणं, सगळं पोथीबरहुकूम, आणि शेजारीपाजारी बघायला हजर. पण मुद्दा त्यातच आहे. विश्वास काढून टाकता आला नाही. तो अंधारातून उचलून उजेडात, साक्षीदारांसमोर आणून ठेवला, एवढंच.

आणि एवढ्यानेही भागत नाही, हे आपल्या अमिरातीनेच पाहिलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये सिस्कोच्या टॅलोस या संशोधन गटाने एक मोहीम उघडकीला आणली आणि तिला ‘डीएनएसपायोनाज’ असं नाव दिलं. लेबनॉन आणि संयुक्त अरब अमिरातीची सरकारी डोमेन तिचं लक्ष्य होती. इथे मधल्या सर्व्हरच्या आठवणीत विष कालवलं नव्हतं. नावांची मूळ नोंदच फिरवली होती, म्हणजे विष विहिरीतच. काही काळ खऱ्या नावाकडे जाणारी वाट हल्लेखोरांच्या यंत्राकडे जात होती. ब्राउझरमधलं कुलूपसुद्धा बंद दिसावं अशी प्रमाणपत्रं त्यांनी मिळवली होती. ती मिळाली कशी? प्रमाणपत्र देणारा तपासतो ते ‘या नावाचा ताबा तुझ्याकडे आहे का’ एवढंच, आणि ते तपासायला तोही डीएनएसलाच विचारतो. दोन साक्षीदार वाटत होते, पण दोघांनी ऐकलं होतं एकाच तोंडून. पुढच्या वर्षी जानेवारीत अमेरिकन सरकारला आपल्या खात्यांसाठी तातडीचा आदेश काढावा लागला आणि फेब्रुवारीत आयकॅनने सगळ्यांना डीएनएसेक लावण्याचं आवाहन केलं. पण नोंदवहीची किल्लीच चोराच्या हाती गेली तर सहीही तोच करणार.

या मोहिमेतला एक तपशील मला आता वेगळाच टोचतो. हल्ल्याची दुसरी बाजू म्हणून त्यांनी नोकरीच्या जाहिरातींच्या दोन खोट्या साइट उभ्या केल्या होत्या. त्यांच्यावरची वर्ड फाइल उघडली की संगणक त्यांच्या ताब्यात. गल्फमध्ये माणसाला कशाचं आमिष दाखवावं हे त्यांना माहीत होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ती डीएनएसची गोष्ट नव्हती, पण घडण तीच. एटीएममधून विचारणा येते, ‘या कार्डाला पैसे देऊ का?’ हा प्रश्न बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचायच्या आधीच मध्ये बसवलेला एक खोटा स्विच ‘हो, दे’ म्हणत होता. अठ्ठावीस देशांतल्या एटीएमनी त्या ‘हो’वर पैसे मोजून दिले. यंत्रांनी चूक केली नाही. त्यांना जे उत्तर मिळालं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

मग करायचं काय? सगळं तपासता येत नाही, सहीवर सही चढवली तरी शेवटी कुणावर तरी विसंबावंच लागतं. मला याचं उत्तर त्याच यंत्रात, अगदी साध्या जागी सापडलं. डीएनएसच्या प्रत्येक उत्तरात एका बिटाएवढी एक खूण असते. उत्तर खुद्द मालकाच्या सर्व्हरने दिलं असेल तर ती खूण चालू. मधल्या सर्व्हरने आठवणीतून दिलं असेल तर बंद. म्हणजे प्रत्येक उत्तरात यंत्र सांगून टाकतं: हे माझं स्वतःचं नाही, ऐकलेलं आहे. आणि बरोबर त्या आठवणीची किती मुदत उरली आहे तेही सांगतं. तिसरी गोष्ट, त्याला एखादी गोष्ट माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही, त्या अमक्याला विचार’ हे तिथे रीतसर उत्तर मानलं जातं. त्यात कुणाची मानहानी होत नाही.

मराठीत ही खूण शेकडो वर्षं आहे. तिला आपण ‘म्हणे’ म्हणतो.

‘तो दुबईला गेला’ आणि ‘तो दुबईला गेला म्हणे.’ दुसऱ्या वाक्यात बोलणाऱ्याने एका शब्दात सांगून टाकलं की मी पाहिलेलं नाही, ऐकलंय, तू तुझं बघ.  १६ एप्रिल २०२४ ला इथे विक्रमी पाऊस झाला. अल ऐनजवळ एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर, १९४९ पासूनच्या नोंदींत सर्वांत जास्त. त्या संध्याकाळी पुण्याहून आत्याचा फोन आला, ‘कृत्रिम पाऊस पाडायला गेले आणि अंगाशी आलं म्हणे?’ आत्याचं वाक्य निर्दोष होतं. त्यात ‘म्हणे’ होतं, आणि शेवटी प्रश्नचिन्हही. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य एका ग्रुपवर आलं, तेव्हा ‘म्हणे’ गळलं होतं. तिसऱ्या ग्रुपवर त्याला शास्त्रज्ञांचा आधार चिकटला होता. वादळाच्या काळात ढगांत बीजारोपण केलंच नव्हतं असं इथलं हवामान केंद्र सांगत होतं, पण खरं उत्तर मागाहून आलं. तोवर आठवणी भरल्या होत्या.

‘म्हणे’ हा पळपुटेपणाही होऊ शकतो, हे मला मान्य आहे. गावगप्पा करणारे सगळी निंदा ‘म्हणे’च्या आडूनच करतात. त्यामुळे नुसतं ‘म्हणे’ पुरत नाही, ‘कोण म्हणे’ आणि ‘कधी म्हणे’ हेही सांगावं लागतं. माझ्या उत्तरात तिन्ही गोष्टी नव्हत्या. ‘कंपनी मोठी आहे म्हणे, दोन वर्षांपूर्वी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, हे लेटर तिचंच आहे का ते मला माहीत नाही, दुबईतल्या भारतीय वकिलातीच्या मदत केंद्राला विचार’ एवढं लिहायला एक मिनिट लागलं असतं. भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला इथल्या कायद्याने बंदी आहे, हे तर मला पक्कं माहीत होतं. ते एक वाक्य मी स्वतःच्या नावावर सांगू शकले असते. मला कुणी ते विचारलं नाही, आणि मला सुचलं नाही.

भाऊ मला काय विचारत होता हेही मी नीट ऐकलं नव्हतं. मी उत्तर दिलं नावाबद्दल. त्याला हवा होता पत्ता.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांवर हे जास्त लागू आहे असं मला वाटतं. गावाकडच्यांसाठी आपण सगळे मधले सर्व्हर झालो आहोत. व्हिसा, कॉलेज, नोकरी, डॉक्टर, फ्लॅट, सगळं आपल्याला विचारलं जातं, आणि आपण सांगितलं की तिथली चौकशी थांबते. चुकीच्या उत्तराचं खरं नुकसान मला मामाच्या त्या वाक्यात दिसलं. ते पुढचे प्रश्न बंद करतं. आपल्या नावापुढे पदवी असेल, फोन परदेशी नंबरवरून येत असेल, तर आपल्या शब्दाची मुदत आपण न देताच लांबते. जो स्वतःपुरतं मानतो त्याच्यापेक्षा जो दुसऱ्यांच्या वतीने विचारून सांगतो त्याच्यावर जबाबदारी जास्त. सर्व्हरच्या दुनियेत हे कुणालाही पटवावं लागत नाही. एका घरच्या संगणकाला विष झालं तर एक घर बुडतं, मधल्या सर्व्हरला झालं तर शहर. म्हणून दुरुस्ती आधी मधल्याने करायची असते.

हा सगळा विचार मला नंतर सुचला. प्रत्यक्षात मी आधी काय केलं ते सांगायला हवं. पहिले तीन आठवडे मी मामाला ‘फसवणारे फार हुशार होते’ एवढंच सांगत राहिले. कमिन्स्की यांनीही काही महिने गप्प राहून काढले होते, पण त्यांचं मौन दुसऱ्यांना वाचवण्यासाठी होतं, माझं मला. शेवटी एका रात्री फोन केला आणि म्हटलं, ‘मामा, मी ते लेटर उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं.’ तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘असू दे. जेवलीस का?’

पैसे त्याने माझ्याकडून घेतले नाहीत. पाटल्या मी दिवाळीत गेले तेव्हा पतसंस्थेतून सोडवून आणल्या. मामीने त्या कपाटात ठेवल्यात. अजून घातलेल्या नाहीत.

मागच्या महिन्यात भावाचा पुन्हा मेसेज आला. दुसरी कंपनी, दुसरं लेटर, आणि खाली तेच: ‘ताई, खरं आहे ना?’ एवढं होऊनही तो मलाच विचारतो, याचं मला बरं वाटलं आणि धडकीही भरली. मी लिहिलं, ‘मला माहीत नाही. दोन दिवस दे.’ मग वकिलातीच्या मदत केंद्राला फोन केला. लेटरवरचा नंबर न लावता कंपनीचा नंबर वेगळा शोधून काढला आणि तिथल्या माणसाशी बोलले. तो म्हणाला, अशी जागा आम्ही काढलेली नाही. मी भावाला कुणाला, कधी विचारलं आणि काय उत्तर मिळालं ते सगळं लिहून पाठवलं, आणि शेवटी लिहिलं की तूही एकदा स्वतः विचारून घे.

त्याने विचारलं. मला न सांगता, दुसऱ्या दिवशी, स्वतः फोन करून. ते मला मामाकडून कळलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला थोडी झोप लागली.

तुम्हालाही असं कुणीतरी विचारत असेल. आज रात्रीही विचारेल.